आपलं नाव आपण लिहायचं नाही

नाताळच्या करंज्या आम्ही सगळ्याजणी मिळून चर्चच्या मागच्या खोलीत करतो. हात कामात असले की तोंडं मोकळी असतात, आणि मग जुने किस्से निघतात. सिंदी रेल्वे या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत घरं वीस-बावीस, पण किस्से म्हणाल तर पोत्यानं. लोकांना वाटतं, ख्रिस्ती माणसं प्रार्थना करतात आणि राजकारणापासून चार हात लांब राहतात. लांब कसले! फक्त आमची पद्धत जरा निराळी होती.

*

आमची स्वतःची निवडणूक दरवर्षी व्हायची, मंडळीच्या कारभाऱ्यांची. उपासना संपली की सगळ्यांनी चिठ्ठीवर नाव लिहायचं. नियम दोनच. कोणी कोणाला मत मागायचं नाही, आणि आपलं नाव आपण लिहायचं नाही. जो स्वतः पद मागतो तो सेवा काय करणार, असं आमचे योसेफ मास्तर म्हणत. मास्तर निवृत्त शिक्षक, मंडळीतले सगळ्यात वडील.

एका वर्षी सामसनभाऊला एकच मत पडलं. मास्तरांनी चिठ्ठी उलगडली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. अर्ध्या मंडळीला त्यांनीच अक्षर शिकवलेलं! ते एवढंच म्हणाले, "सामसन, अक्षर सुधारलं तुहं."

सामसनभाऊ पुढचे तीन रविवार मागच्या बाकावर बसला.

*

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा, असं शास्त्रात सांगितलंय, म्हणून मास्तर दर रविवारी प्रधानमंत्र्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायचे. पुढे नव्वदनंतरची ती वर्षं आली. सरकार आज आहे तर उद्या नाही. मास्तरांच्या घरी पेपर संध्याकाळी यायचा. दोनदा त्यांनी पडलेल्या प्रधानमंत्र्यासाठी मनापासून प्रार्थना केली आणि बाकांवर खुसखुस झाली.

तिसऱ्या वेळी मास्तर डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, आज सकाळी जो कोणी प्रधानमंत्री असेल, त्याला सद्बुद्धी दे."

पुढे सरकारं टिकायला लागली, तरी मास्तरांनी ते वाक्य बदललं नाही.

*

एकदा मोठ्या निवडणुकीतला एक उमेदवार हातात नारळ घेऊन थेट उपासनेत आला. बिचारा भला माणूस होता. चपला बाहेर काढल्या, समोर गेला, इकडेतिकडे पाहिलं. मूर्ती दिसेना, नारळ कुठे फोडावा ते कळेना. मास्तरांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि पाऊण तासाचं प्रवचन ऐकवलं.

नंतर दानाची थैली फिरली. काहीतरी टाकायचं असतं एवढं त्यानं ओळखलं आणि खिशातली प्रचाराची पत्रकं मूठभर आत सोडली. थैली पुढे आल्यावर मास्तर दरवेळी आशीर्वाद मागायचे. त्या दिवशी आत पाहून त्यांनी क्षणभर विचार केला.

"प्रभू, या थैलीत जे काही आलंय, त्याचा कोणाला तरी उपयोग होऊ दे."

*

आता सलोमी सिस्टरची गोष्ट. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. आमची दफनभूमी नाल्याच्या पलीकडे आहे, आणि तेव्हा नाल्यावर रपटा, साधा फरशीपूलसुद्धा, नव्हता. सिस्टरचे यजमान गेले ते भर श्रावणात. पूर उतरायची वाट पाहत त्यांची पेटी दोन तास काठावर ठेवावी लागली. सिस्टर तिच्यावर छत्री धरून उभ्या होत्या. मी शेजारी होते.

रिटायर झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "पालिकेत उभी राह्यतो. आपल्या रपट्यासाठी कोनी तं बोललं पाह्यजे."

समोर होते गोवर्धनशेठ, कापडवाले. गोड माणूस, दुकान मोक्याच्या जागी. त्यांच्याकडे प्रचाराला दोन जीप होत्या. आमच्याकडे सिस्टरची सायकल.

*

प्रचाराची सूत्रं घेतली वानखेडेबाबूंनी. ते पोस्टात होते, नुकतेच रिटायर झालेले. बौद्ध वस्तीतले, सिस्टरचे शेजारी, आणि निवडणुका कशा लढतात ते पक्कं जाणणारे. त्यांनी आम्हाला घरोघरी पाठवलं.

सिस्टर एकेका घरात अर्धा अर्धा तास बसायच्या. म्हाताऱ्याची नाडी बघ, लेकराचा खोकला ऐक, सुनेला गोळ्या वेळेवर घ्यायला सांग. मग चहा घेऊन निघायच्या. तिसऱ्या दिवशी वानखेडेबाबूंनी विचारलं, मत द्यायला किती लोक हो म्हणाले?

सिस्टर म्हणाल्या, "इचारलंच नाई."

"काऊन?"

"मागाले लाज वाटते नं बाबू."

वानखेडेबाबूंनी कपाळाला हात लावला. त्यानंतर मत मागायचं काम माझ्याकडे आलं. मी शिलाईकाम करणारी बाई, पण ब्लाउजचं माप घेता घेता निम्म्या वॉर्डाला गाठलं.

*

निशाणी मिळाली घंटा. आम्ही खूश! पण मतदानाच्या आदल्या दिवशी आला रविवार. प्रचार बंद झालेला, आणि चर्चमध्ये घंटा तर वाजणार. शेठच्या कार्यकर्त्यांनी तक्रार ठोकली. निवडणुकीचे साहेब जीपमधून आले आणि घंटा दाखवा म्हणाले.

मास्तर त्यांना घेऊन कडुलिंबाखाली गेले. फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला होता. खाली एक हातोडी. आमच्या मंडळीला खरी घंटा कधी जमलीच नव्हती. एरवी आम्हाला त्याची लाज वाटायची, त्या दिवशी अभिमान वाटला.

साहेबांनी रुळाला बोट लावून पाहिलं आणि हसत म्हणाले, "वाजवा. रूळ कोणाचीच निशाणी नाही."

*

मतमोजणीला मी सिस्टरची एजंट म्हणून आत होते. सिस्टर एका मतानं पडल्या. पुन्हा मोजलं, पुन्हा एकच मत. मी रडतच बाहेर आले. वानखेडेबाबू भयंकर संतापले होते. आपल्यातल्याच कोणीतरी दगा दिला म्हणाले, आणि एकेका घराचं नाव घ्यायला लागले. मास्तरांच्या अंगणात आम्ही सगळे जमलो होतो. सामसनभाऊवर संशय आला, तो शपथा घ्यायला लागला.

तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "त्याले काऊन बोलता? मीच नाई देल्लं मले."

सामसनभाऊनं शपथेला उचललेला हात खाली घेतला.

"आपलं नाव आपण लिहीत नाई नं. मी गोवर्धनशेठले देल्लं."

मास्तर खाली बघत राहिले. नियम त्यांचाच होता. मला सिस्टरचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. एका ठप्प्यापायी रपटा गेला, हे मात्र डोक्यातून जाईना.

संध्याकाळी गोवर्धनशेठ सिस्टरच्या घरी आले. गळ्यातला हार त्यांनी दारातच काढून हातात घेतला. मी चहा ठेवला. शेठनी बसून हार मांडीवर ठेवला. मग म्हणाले, नाल्याचं माझ्यावर सोडा, पुढच्या पावसाच्या आत रपटा होईल. आणि झालाही.

चहाचा घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"सिस्टर, एक सांगून टाकतो, कोनाले सांगू नका. माह्ये तिन्ही लेकरं तुमच्या हातावर झाले. ठप्पा घेतला अन् हात माह्या निशाणीवर गेलाच नाई. मी घंटीवरच मारला."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरकडे.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "शेठच्या चहात आनखी साखर टाक."