खपलीवरची चाळीस पावलं

आमच्या ओळखीत एक राखणदार होते, त्यांना सगळे फळीवाले म्हणत. राखण कसली, तर मातीची! वाळवंटातल्या संशोधन केंद्रात कुंपण घातलेला एक तुकडा, त्यावर काळसर, करकरीत खपली. पहिल्या दिवशी ते हसलेच. तिथल्या संशोधक बाईंनी समजावलं, "काका, ही खपली जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत हिच्यात. शेताला तुम्ही शेणखत घालता, इथं कोण घालणार? हे जंतू हवेतला नायट्रोजन ओढून मातीत मुरवतात, त्यावर ही झुडपं जगतात. झुडूप वाळलं की दुसरे जंतू तो सोडवतात, थोडा परत हवेत जातो. पाऊस नसला की सगळे मेल्यासारखे पडून असतात. चार थेंब पडले की कामाला लागतात. पण एक पाऊल पडलं, तर भरून यायला पन्नास वर्षं!"

फळीवाल्यांनी हे असं काही मनावर घेतलं की विचारू नका. तुकड्याच्या तीन बाजूंनी चालायला फळ्या टाकलेल्या. तेवीस वर्षं माणूस फळीवरून खाली उतरला नाही. टोपी उडून आत पडली, तर ती काठीला आकडा बांधून काढली. घरातही भिंतीकडेनं चालत. बायको म्हणे, "अहो, फरशीला जीव नाही, या की मधून!"

ती रोज दुपारी पलीकडच्या फाटकाशी डबा घेऊन यायची. त्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. फळीवाल्यांनी समोरून पाहिलं, तिनं कुंपण धरलं, खाली बसली आणि आडवी झाली. खपलीवरून सरळ गेलं तर चाळीस पावलं. फळीवाले धावले, जीव खाऊन धावले, पण फळ्यांवरून, तिन्ही बाजूंचा वळसा घालून. पोचले तेव्हा डबा सांडला होता आणि तिचा श्वास थांबला होता.

डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी पोचला असतात, तरी काही फरक पडला नसता." सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्याच्या गळी उतरेना.

चार दिवसांनी मेव्हण्यानं विचारलंच, "भावोजी, मधून का नाही गेलात? माझ्या बहिणीपेक्षा माती जास्त झाली?"

"मातीचा विचार कुठला येतोय मनात," फळीवाले म्हणाले. "विचार आला असता तर मधूनच गेलो असतो रे. पायच फळीकडे वळले."

मेव्हणा उठून गेला.

पुढच्या आठवड्यात फळीवाले कामावर हजर झाले. खपली कुठेही दुखावली नव्हती. तेच त्यांना बघवेना.