डोमाजींची करंगळी

डोमाजी मिस्त्री कोणाच्याही फोनोला, म्हणजे ग्रामोफोनला, आधी करंगळी लावायचे. सुई धरणारा साउंडबॉक्स, त्यांच्या भाषेत डबा, करंगळीवर अलगद उचलायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "डोकं जड हाय, मान बारीक. तबकडी खाऊन राहिला." गोंदियाच्या स्टेशनाजवळ त्यांचं दुकान होतं. डबा पेलणाऱ्या मशीनच्या जुन्या हातावर मोठ्या आवाजाचा डबा बसवून मागणाऱ्याला ते सरळ हाकलायचे. "आवाज पायजे तं बँड लाव!"

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. माझी बायको सुशीला तापाने गेली. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला उभा राहिलो. लोक समजूत घालायचे, मी मान हलवायचो. आत काही हलत नव्हतं. नागपूरच्या प्रदर्शनात तिचा आवाज ॲल्युमिनियमच्या चकतीवर भरून घेतला होता. तो ऐकला तर काहीतरी वाटेल, म्हणून चकती घेऊन डोमाजींकडे गेलो.

"लोखंडी सुई लावली का हिले?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"लावू नोका, मास्तर." मग बराच वेळ ते चकती पुसत राहिले. "माह्या पोरीची अशीच होती. तिच्या तेरवीले मोठ्या डब्यानं, लोखंडी सुईनं वाजवली, साऱ्यायले ऐकू जावं म्हणून. एका खेपेत खरडली. ह्याच हातानं."

तीन आठवडे त्यांनी डबे बदलले, हात बदलले. शेवटी अभ्रकाच्या पडद्याचा लहानसा डबा, एका मोडक्या मशीनचा लांब हात आणि सुईच्या जागी घासून टोकदार केलेला बाभळीचा काटा, असं जुळलं.

"काय बोलू? सुरू झालं का?" चकतीतून सुशीला म्हणाली आणि हसली. तेवढंच होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. मला काहीच वाटलं नाही, आणि तसं मी सांगूनही टाकलं.

"नसंल वाटत," डोमाजी म्हणाले. "मशीन घेऊन जा. आवाज कुठी पळून नाही चालला." सोबत डबीभर काटे दिले. मी ते मशीन कपाटावर ठेवलं आणि पुन्हा लावलं नाही.

डोमाजी गेले त्याच्या पंधरा दिवसांनी त्यांची बायको, भागरथाबाई, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली चकती घेऊन माझ्या घरी आली. "मास्तर, माही पोर ऐकू येते का पाहा. ह्यायनं मले कधी लावूच देल्ली नाही."

नवा काटा बसवून मी चकती लावली. नुसती खरखर. मी मशीनचा हात उचलायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. "राहू द्या. तिचीच हाय. पुरी होऊ द्या."

खरखर संपेपर्यंत आम्ही दोघं बसलो. मग काय वाटलं कोण जाणे, मी सुशीलाची चकती लावली.

"काय बोलू? सुरू झालं का?"

"हो," भागरथाबाई मशीनकडे वाकून म्हणाली, "बोल, माय."

तेव्हा मी रडलो. सुशीलाला जाऊन सहा वर्षं झाली होती.