लेबलं धुतलेल्या बाटल्या

त्या माणसाचा मला पहिल्या भेटीतच राग आला आणि तो आजही गेलेला नाही. कराडात ऊसवाहतुकीच्या ट्रकांवर त्यानं जम बसवला, मग महाबळेश्वरात एक बंद पडलेलं हॉटेल घेतलं, आणि आता त्याला तिथं फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाच्या उंची वाईन ठेवायच्या होत्या. माझं नाव त्याला पुण्यातल्या एका हॉटेलात कळलं. तिथं मी पाच वर्षं वाईन निवडण्याचंच काम केलं होतं. त्याआधी दोन हंगाम ऑस्ट्रेलियात, बरोसामधल्या एका वायनरीत, पिंपं धुण्यापासून चाखण्यापर्यंत सगळं केलं होतं.

"गाव कुठलं?" त्यानं विचारलं.

"कवठे महांकाळ. वडिलांची द्राक्षबाग आहे."

"म्हंजे बेदाणंवाली," असं म्हणून तो शेजारी बसलेल्या बायकोकडं बघून हसला. ती हसली नाही.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण हॉटेलच्या मागच्या उतारावर जांभ्या दगडाची एक अर्धी जमिनीत गेलेली खोली होती, पूर्वी सरपणाची. उन्हाळ्यातही आत गार, अंधारी. वाईन साठवायला अशी खोली मला आपल्याकडं पुन्हा मिळाली नसती. मी काम घेतलं.

मी दोन याद्या केल्या. एक वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या वाईनची आणि एक ठेवायच्या वाईनची. पहिलीत फ्रान्समधल्या बर्गंडीच्या दक्षिणेकडची साधी पांढरी वाईन होती, जिची सगळी मजा ताजेपणात असते. दुसरीत फ्रान्समधल्याच बोर्दोची लाल, ऑस्ट्रेलियातल्या कूनावाराची लाल आणि तिथल्याच क्लेअर व्हॅलीची रीसलिंग ही पांढरी वाईन. त्यानं यादी वाचली, नमुन्याची रीसलिंग हातात घेतली आणि तिच्या फिरकीच्या झाकणावर बोट आपटलं.

"ही तर सोड्याची बाटली. पाव्हण्यांपुढं ही ठिवायची व्हय?"

"ही पंधरा वर्षं टिकते, साहेब. बुचापेक्षा झाकणातच चांगली टिकते."

"मला शिकवू नका. बूच पायजे. उडवलं की आवाज झाला पायजे."

आवाज शॅम्पेनचा होतो, असं मी सांगितलं. चार माणसांत सांगितलं, आणि मला ते सांगताना बरं वाटलं. त्यानं रीसलिंग घेऊ दिली, पण त्या दिवसापासून तो मला मॅडम म्हणायचा बंद झाला आणि बाई म्हणू लागला.

त्याची बायको, मी तिला वहिनी म्हणायचे, एकदाच काही मागायला आली. त्यांची मुलगी नऊ वर्षांची होती. "तिच्या जन्माच्या सालातली एखादी मिळेल का? ती मोठी झाल्यावर उघडायला." सुदैवानं बोर्दोत ते साल फार चांगलं गेलं होतं. मी मुंबईच्या आयातदाराकडं महिनाभर पाठपुरावा करून चार बाटल्या मिळवल्या. अजून पंधरा वर्षं हात लावू नका, असं वहिनींना बजावलं. त्यांनी त्या बाटल्या स्वतःच्या हातानं सगळ्यांत खालच्या फळीवर, बूच सुकू नये म्हणून, आडव्या ठेवल्या.

त्याला आडव्या बाटल्या आवडत नव्हत्या, लेबलं दिसत नाहीत म्हणून. पावसाळ्यापूर्वी मी सांगून ठेवलं होतं, की ओल बुचांना चांगलीच असते, पण लेबलांना बुरशी येईल, प्रत्येक बाटलीला पातळ प्लास्टिक गुंडाळा. त्यानं गुंडाळलं नाही. महाबळेश्वरच्या पावसात तिथं भिंतींनाही केस फुटतात, तर कागदाचं काय. सप्टेंबरात त्यानं दार उघडलं, हिरवी-काळी लेबलं बघितली, आणि पाहुणे यायच्या आत सगळ्या बाटल्या टबात घालून गरम साबणाच्या पाण्यानं घासून घेतल्या. सत्तर-ऐंशी बाटल्या. एकीवरही कागद उरला नाही.

मग त्याचा फोन आला. "तुमीच म्हनला हुता ओल चांगली. आता येऊन वळखा. न्हाईतर ही बाई कसली जाणकार हाय, ते पुण्यात सांगतो मी."

मी गेले. धमकीला भ्याले म्हणून गेले नाही. गरम पाण्यातून निघालेल्या त्या बाटल्या एकदा बघायच्या होत्या, आणि त्याचं पडलेलं तोंडही बघायचं होतं.

तोंड पडलेलं नव्हतं. दुपारच्या जेवणाला त्यानं कराडचे तीन मित्र बोलावले होते आणि मला त्यांच्यासमोर खोलीत उभं केलं. काम तसं अवघड नव्हतं. झाकणाच्या तेवढ्या ऑस्ट्रेलियाच्या. उतरत्या खांद्याच्या बाटल्या बर्गंडीच्या. ताठ खांद्याच्या लाल वाईनसाठी मी गळ्यावरचं वेष्टण कापायचे, मोबाईलचा उजेड टाकायचे आणि काचेतून बुचावर छापलेलं नाव आणि साल वाचायचे. तासाभरात एक मित्र कौतुकानं म्हणाला, "लय भारी."

ते त्याला सहन झालं नाही. "वाचायला कुणाला येत न्हाई? चाखून सांगू दे की." मी नुकत्याच ओळखलेल्या दोन बाटल्या उचलून तो स्वयंपाकघरात गेला आणि दोन ग्लास भरून आला. "ह्यातली फ्रान्सची कंची?"

दोन्ही एकाच जातीच्या द्राक्षांच्या, एक बोर्दोची आणि एक कूनावाराची. मी वास घेतला, चाखलं, पुन्हा चाखलं. माझ्या कानशिलांत रक्त ठणकत होतं. मी डावा ग्लास उचलला. "ही."

डावी ऑस्ट्रेलियाची निघाली.

रागानं जीभ बधिर होते, एवढंच मी माझ्या बाजूनं म्हणेन. पण मी चुकले होते, हे खरं. तो इतका मोठ्यानं हसला, की व्हरांड्यातल्या वहिनी दारात आल्या. "गड्यांनो, बेदाणं वाळवायला लावा हिला, बेदाणं!" मित्रही हसले. मघाचा कौतुकवालाही. मग तो म्हणाला, "चिठ्ठ्या लिहून बांध. कंची कवा उघडायची ते लिही. आमी जेवतो." तो मला अगं-तुगं करतोय, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मी एकटी राहिले. चिठ्ठ्या लिहू लागले. पहिल्या पन्नास अगदी बरोबर लिहिल्या. मग बर्गंडीच्या त्या साध्या पांढऱ्या वाईनवर लिहिलं, 'दहा वर्षं ठेवणे.' वर्षा-दोन वर्षांत तिची चव उतरणार होती. आणि धुतल्यावर इतरांत मिसळलेल्या, पण बुचावर वहिनींच्या लेकीच्या जन्माचं साल असलेल्या त्या चार बाटल्यांवर लिहिलं, 'लगेच पिणे, उत्तम.' त्या कुणाच्या आहेत, हे मला पक्कं माहीत होतं. हात थांबला नाही. पाहुण्यांपुढं तो ती कोवळी, तुरट वाईन मोठेपणानं ओतेल आणि तोंड वाकडं करेल, एवढंच मला दिसत होतं. जाताना मी त्याला नमस्कारही केला.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"ताई, तुमची ती लगेच प्यायची बाटली ह्यांनी परवा उघडली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, जीभ आवळून आली म्हणाले. माझा ग्लास तसाच राहिला. मी त्यावर बशी झाकून ठेवली. काल दुपारी सहज घोट घेतला, तर कसली वेगळी लागली! जांभळासारखी, आणि मागनं देवदाराच्या पेटीसारखा वास. असं कसं झालं?"

वाईन अजून एवढी मिटलेली होती, की हवा लागून खुलायला तिला एक अख्खा दिवस लागला होता. पंधरा वर्षांनी ती काय झाली असती, ते मी फोन धरून मनात बघत होते. खोटं बोलणं सोपं होतं.

"वहिनी, ती तुमच्या लेकीची बाटली होती."

"पण चिठ्ठी तुमच्या हातची होती."

"हो. मी मुद्दाम लिहिली. साहेबांच्या रागानं."

पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"हे हसले तेव्हा मी दारात होते," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा तुमच्यासाठी वाईट वाटलं होतं." आता त्यांच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं. "आणखी कुठल्या चिठ्ठ्या खोट्या आहेत?"

मी पांढऱ्या वाईनचं सांगितलं. त्यांनी कागद-पेन आणून एकेक फळी विचारली, कुठली कधी, आणि सगळं लिहून घेतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यांना सांगणार नाही मी. सांगितलं तर रागाच्या भरात उरलेल्या तिन्ही हे उद्याच फोडतील. पण तुम्ही परत इथं येऊ नका."

मी गेले नाही. तो अजून कराडात सांगत फिरतो, की त्या बाईला फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया कळत नाही. कुणी मला विचारलं, तर मी त्याला खोटं पाडत नाही. त्याच्याविषयी माझ्या मनात अजून एक चांगला शब्द नाही. वहिनींचा नंबर मात्र मी ठेवलाय, आणि तो लावायचं धाडस मला झालेलं नाही.