दोन पात्यांची एक रांग

देवासला आमचा शिवणाचा कारखाना सुरू झाला तेव्हा संस्थानं विलीन होऊन काही वर्षं झाली होती. तरी बायका बसत त्या जुन्या हिशेबानंच. एका गावात दोन राजांच्या दोन गाद्या होत्या ना, थोरली पाती आणि धाकटी पाती! थोरल्या पातीतल्या घरांची मशिनं उजव्या भिंतीला, धाकट्या पातीतल्यांची डाव्या. माझं सासर थोरलीतलं, पण माहेर धारचं; दोन्ही बाजू मला सारखीच परकी धरत, म्हणून देखरेख माझ्याकडे आली.

कापायचं टेबल थोरलीकडे, काज-बटण धाकटीकडे. मधली वाट कोणी ओलांडत नसे. कापलेलं कापड तिकडे आणि अर्धे शिवलेले सदरे इकडे नेणारी हमाल मीच. मी दुसऱ्या कामात अडकले की ढीग पडून राहत. शाळेच्या गणवेशांना एकदा उशीर झाला. पुढच्या खेपेला शाळेचे कारकून बजावून गेले, "बाई, अब की देर हुई तो काम इंदौर जाएगा." ते काम गेलं असतं तर कारखान्याला कुलूपच.

रविवारी मी चौकीदाराला घेऊन मशिनं हलवली. घोड्याच्या नालेसारखी एकच रांग केली. दाराशी कापणं, मग खांदे, कॉलर, बाह्या, काज-बटण, आणि फिरून दाराशीच इस्त्री. जिचा हात ज्या कामावर बसलेला, तिला ती जागा. पाती पाहिली नाही.

सोमवारी बायका दारातच थबकल्या. सगळ्या माझ्या आत्येसासूबाईंकडे बघत होत्या. थोरलीत त्याच वडील. त्या फिरल्या असत्या तर मागोमाग अर्धी खोली गेली असती. आणि त्यांची जागा आली होती धाकटीतल्या कॉलरवालीच्या शेजारी.

त्या जाऊन बसल्या. शेजारणीनं सदरा पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरला.

"कॉलर वाकडी आहे. उसव."

"तुमच्या थोरलीकडून कापूनच वाकडी आली, आत्याबाई."

"मग तिला सांग. मी का वाकड्यावर बाह्या लावू?"

कोणीतरी फिसकन हसलं. कापणारी जागेवरूनच कुरकुरली, आणि मशिनं सुरू झाली. तेव्हा कुठे मी स्टुलावर टेकले.

गणवेश शाळा उघडायच्या आत पोचले. कारकून पुढच्या खेपेचं कापड टाकून गेले.

आत्येसासूबाई घरी एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, मशिनं उचलायला आम्हांला का नाही बोलावलंस? त्या चौकीदारानं माझ्या मशिनचा पट्टा ढिला करून ठेवलाय."