शोभाकाकूंचा सी कॉर्ड

“सी वाजवा, काकू.”

शोभाकाकूंनी तीन बोटं तारांवर रोवली आणि उजव्या हातानं तारा छेडल्या. दोन वाजल्या, बाकीच्या नुसत्या थुक-थुक.

“दाबून तं राहिली ना मी, सर. काहून नाही वाजत?”

“प्रॅक्टिस कमी पडून राहिली,” मी म्हटलं.

शहरातल्या महाल भागात माझा गिटार क्लास आहे. काकू काटोलच्या, ब्लाउज शिवायच्या. दर रविवारी गिटार सांभाळत एसटीनं यायच्या. मुलीला सातवा महिना होता. बारशाला गिटारवर पाळणा म्हणायचा, एवढंच त्यांना हवं होतं. तीन कॉर्डचं काम. कॉर्ड म्हणजे काही तारा बोटांनी दाबून एकदम वाजवलेले सूर.

नव्या माणसाची बोटं दुखतातच. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं: टोकांना घट्टे पडले की जमेल. काकूंनाही तेच सांगितलं.

“घट्टे तं आधीचेच हायेत, सर. काज-बटनं करू करू बोटं निबर झाले.”

मी हसलो. खरं तर तिथंच डोक्यात दिवा पेटायला हवा होता.

सात-आठ रविवार असेच गेले. मग काकू यायच्या बंद झाल्या. मीही फोन केला नाही. नवे विद्यार्थी गळतातच, असं म्हणून सोडून दिलं.

वर्षभरानं त्यांचा जावई गिटार घेऊन आला. “आईनं सांगतलं, कोण्या पोराले देऊन टाका म्हणे. बारशाले पाळणा नुसताच म्हटला त्यायनं.”

ती गिटार मी तेव्हा पहिल्यांदा हातात घेतली. क्लासमध्ये मी माझ्याच गिटारवर दाखवायचो. सी धरला. थुक. माझ्याही बोटाला कळ लागली. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसवायची खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. त्या खाचा उथळ होत्या, म्हणून तारा फार उंच, दाबायला जड. बारीक कानस घेऊन खाचा खोल केल्या. अर्धा तासही लागला नाही. सी खणखणीत वाजला आणि मला माझीच लाज वाटली.

लगेच फोन लावला. “काकू, दोष गिटारचा होता, तुमचा नव्हता. या परत.”

“आता काहून, सर? नातू चालाले लागला.” मग म्हणाल्या, “मले वाटलं, आपल्याच बोटाईत काही नाही.”

आता नवा विद्यार्थी आला की मी आधी त्याची गिटार मागून घेतो. बोटं नंतर बघतो.