दोन दिव्यांचा दाखला

वेधशाळेच्या तळघरातल्या दिव्यांच्या खोलीत एकतीस वर्षं काढल्यावर माणसाला विद्वानांबद्दल आदर उरत नाही. दिवेवाल्याला तर तो पहिल्यापासूनच बेताचा. दुर्बिणीतून फुटणारे तारे बघायचे, मंद दिसतात म्हणजे किती लांब ते ठरवायचं, आणि आकाशाला फुगवणारी कृष्ण ऊर्जा किती ते सांगायचं, हा वरच्यांचा धंदा. पण मंद म्हणजे किती मंद? ते शेवटी तळघरातल्या दिव्याशीच ताडून बघावं लागे. दिवे होते दोन, एक जुना, एक नवा. लाल उजेडात जुळायचे. निळ्यात एक टक्क्याचा फरक. जवळचा तारा निळा दिसतो, लांबचा लाल, म्हणून दोन्ही उजेड चोख हवेत. खरा दिवा कोणता, कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

त्याचा जावई वरच्याच मजल्यावरचा. दोन हजार तारे मोजून त्यानं शोध लावला होता, की ही ऊर्जा आटत चाललीय. चूक असलीच तर अर्ध्या टक्क्याची. त्यावर त्याची कायमची नोकरी ठरणार होती. फक्त दिवा किती चोख ते सांगणाऱ्या दाखल्यावर सासऱ्याची सही हवी होती.

तो खाली आला, स्टुलावर रुमाल अंथरून बसला. रुमाल बघूनच दिवेवाल्यानं तोंड वाकडं केलं.

"मामा, जुना दिवा बिघडलाय असं लिहून मोडीत काढा ना."

"बिघडलाय कशावरून?"

"नव्याशी जुळत नाही."

"मग नवाही जुन्याशी जुळत नाही, जावईबापू."

जावयानं दोन हजार ताऱ्यांचा आकडा पुन्हा तोंडावर फेकला.

"गज आखूड असला तर कापड दोन हजारदा मोजा," दिवेवाला म्हणाला. "आखूडपणा काय सरासरीत विरघळतो?"

संध्याकाळी मुलीनं फोनवर बापाला फैलावर घेतलं. बायकोनं ताट आदळलं. सकाळी त्यानं दोन्ही दिवे पुन्हा अर्धा दिवस लावून पाहिले. जुनाच चुकावा असं मनातून वाटत होतं, आणि तसं वाटल्याची त्याला किळस आली. फरक एक टक्का तो एक टक्काच. दाखल्यावर तेवढंच लिहिलं, सही ठोकली.

त्या एका टक्क्यात जावयाचा शोध बुडाला. ऊर्जा आटतेय की आहे तशीच आहे, काहीच म्हणता येईना. नोकरी हुकली. मुलीनं बापाशी बोलणं टाकलं.

पुढं जावयाला दुसऱ्या वेधशाळेत जागा मिळाली. तिथून तोच शोध अर्ध्या टक्क्यासकट छापून आला, टाळ्याही पडल्या. दिवेवाल्यानं तो शेवटपर्यंत वाचला नाही. हवं ते त्याला पहिल्याच पानावर सापडलं. त्या वेधशाळेत दिवा एकच होता.