आमच्या लॉनचं गवत कोण मारून राहिलं होतं

थांबा, हे मले आत्ताच लिहायचं हाय, नाई तर माझ्याच्यानं राहवणार नाई!

आमच्या क्वार्टरसमोर बाबानं लॉन लावलं. बाबा अन् शेजारचे काका प्लांटमध्ये एकाच शिफ्टले, जातातही काकाच्याच स्कूटरवर. मी शाळेत होती तेव्हापासून. तर या पावसाळ्यानंतर गवत पिवळं पडाले लागलं. फक्त काकाच्या कुंपणाकडून! पाणी देऊन देऊन थकलो, तरी पिवळंच. शक तर होणारच ना?

मीच बाबाले म्हटलं, "काका काहीतरी टाकून राहिले तिकडून. त्याहिचं लॉन पाहा, किती हिरवंगार!"

"तो कावून टाकन वं?"

"जलन! दुसरं काय?"

दुसऱ्या दिवशी काकानं हॉर्न मारला तर बाबा म्हणे, "तू जाय, मी ऑटोनं येतो." आठ दिवस तेच. काका रोज थांबत, घड्याळ पाहत, निघून जात. परद्यामागून पाहताना मले ते थांबणंही नाटकच वाटे.

रविवारी सकाळी काका कुंपणावरून वाकून आमच्याच गवतात हात घालून होते. रंगेहाथ! मी धावलीच.

"काका, काय करून राहिले?"

"साळुंक्या इथंच कावून टोचते, ते पाहून राहिलो. ओढ बरं हे."

मी मूठभर गवत ओढलं, तर चटईसारखं पूर्ण उचललं गेलं. खाली मुळंच नाई! मातीत पांढऱ्या जाड अळ्या, गोल मुरडलेल्या, तांबड्या डोक्याच्या.

"हुमणी हाय. मुळंच खाल्ली, त पाणी पिणार कोण? कच्च्या शेणखतातून येते हे. टाकलं का?"

उतई गावाहून शेणखताच्या दोन बोऱ्या मीच आणल्या होत्या, कुंपणाकडून पसरवाले सुरू केलं अन् अर्ध्यातच संपल्या.

बाबा मागं उभेच होते. काका म्हणाले, "का रे, ऑटोत खिडकी भेटते का?"

बाबानं मान खाली घातली. मग मलेच बोला लागलं, "काका, मीच सांगितलं होतं बाबाले, तुमी काही टाकता म्हणून."

काका हसले नाई. हात झटकले अन् बाबाले म्हणाले, "पोरीनं सांगितलं. तू मानलं कावून?"

सोमवारी दोघं स्कूटरवर सोबत गेले. पण बाबा मागं जरा सरकून बसले होते, की मलेच तसं वाटून राहिलं?

तुमच्यासोबत झालं का असं कधी? सांगा ना, यार!